पडद्यावरचे दुखणे आणि घरातले दुखणे



आजचा विषय इतिहासाचा आहे, पण तो लढायांचा किंवा तहांचा नाही. नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या मालिका यांनी आजवर आपल्याला जे डॉक्टर, जे रोगी आणि जी इस्पितळे दाखवली, त्यांत खरे किती आणि बनावट किती, याचा हा थोडा हिशेब आहे. असला हिशेब कशाला मांडायचा, असे कुणी विचारील. त्याला उत्तर सरळ आहे. मेढ्याहून वेण्णेच्या काठाने वर गेले, किंवा पलीकडे बामणोलीच्या अंगाला कोयनेच्या खोऱ्यात उतरले, तर एखाद्या वाडीत खरा डॉक्टर वर्षातून किती वेळा दिसतो? पडद्यावरचा डॉक्टर मात्र रोज रात्री जेवणवेळेला घरात येऊन बसतो. मग एखादे दिवशी ओटीवर माणूस कोसळला, की हात आधी तेच करायला धावतात जे डोळ्यांनी शंभर वेळा पाहिलेले असते. म्हणून हा हिशेब मांडायचा.

मुळात एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नाटकाने खोटे बोलायचेच असते, आणि ते आपल्याला चालते. आपल्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून आपण रंगभूमीवर मेलेली माणसे उठताना पाहत आलो आहोत. सांगलीतच जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘विद्याहरण’ १९१३ सालचे. त्यात शुक्राचार्यांची संजीवनी विद्या आहे आणि मेलेला कच जिवंत होतो. ते पाहून कुणी घरी जाऊन मंत्राने मेलेले माणूस उठवायला बसले नाही. नाथांचे विंचवाचे भारूड आपण गावोगाव पाहतो. चावा घेतलेला माणूस ओरडतो, लोळतो, आपण पोट धरून हसतो. पण तो विंचू काम-क्रोधाचा आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. भारूड स्वतःला भारूड म्हणवते, म्हणून ते कुणाला फसवत नाही.

फसगत सुरू होते ती खेळ खऱ्याचा आव आणतो तेव्हा. पांढरा कोट, गळ्यात नळी, भिंतीवर यंत्र, यंत्रावर हिरवी रेघ, हे सगळे हुबेहूब असले की त्यांच्यामध्ये सांगितलेली खोटी गोष्टही हुबेहूब वाटते. वस्तू जितक्या खऱ्या, तितकी चूक पक्की बसते. हा मुद्दा ध्यानात ठेवून आपण आता काही उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण आपल्या सोलापूरचे. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म तिथला, १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. १९३८ साली राष्ट्रसभेने जपानशी लढणाऱ्या चीनकडे पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. डॉ. अटल त्याचे प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी, डॉ. बसू आणि आपले कोटणीस हे बाकीचे चौघे. पाचांतले चौघे परत आले, कोटणीस आले नाहीत. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तिकडे सैनिकांची सेवा करीत असत. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून रक्तात विष भिनले आणि १९३९ च्या नोव्हेंबरात ते गेले. त्यांच्या नावाने निघालेल्या रुग्णालयाचे कोटणीस पुढे प्रमुख झाले. तिथेच त्यांनी को चिंग-लान या परिचारिकेशी लग्न केले, त्यांना मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले.

चार वर्षांनी, १९४६ साली, कोल्हापूरच्या मातीतून वर आलेल्या व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणिसांचे काम त्यांनी स्वतःच केले. गोष्ट ख्वाजा अहमद अब्बास यांची. चित्रपट गाजला, आणि कोटणीस हे नाव घरोघर गेले ते मुख्यतः त्यामुळे. हे त्या चित्रपटाचे ऋण आहेच. पण त्यात डॉक्टर कसे मरतात? एका भयंकर साथीवर ते उपाय शोधतात, आणि शेवटी त्याच साथीला बळी पडतात. प्रत्यक्षात काय झाले होते? कोटणिसांना फिट येत. आपल्याकडे ज्याला फेफरे किंवा मिरगी म्हणतात, तो आजार त्यांना जडला होता. युद्धातली दगदग, अपुरे अन्न, रात्रंदिवस शस्त्रक्रिया आणि शिकवणे चालूच होते. त्या आजाराच्या झटक्यांतच त्यांचा अंत झाला.

आता यात बिघडले काय? नायक साथीने मेला काय आणि फेफऱ्याने मेला काय, असे आपण म्हणू. १९४६ च्या प्रेक्षकाला साथ म्हणजे काय ते सांगावे लागत नव्हते. १८९६-९७ च्या प्लेगच्या आठवणी घराघरात होत्या. आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुल्यांनी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. साथीशी झुंजणारा डॉक्टर हा प्रेक्षकाच्या ओळखीचा वीर होता. फेफऱ्याने गेलेला वीर मात्र कुणी कधी पाहिला नव्हता.

आणि मित्रहो, नेमके इथेच आपले नुकसान झाले. फेफरे म्हणजे बाहेरची बाधा, फेफरे म्हणजे घराण्याला लागलेला डाग, ही समजूत आपल्या गावांतून अजून गेलेली नाही. मुलाला वर्गात फिट आली की पुष्कळदा त्याची शाळा सुटते. मुलीला येत असेल तर घरचे ती गोष्ट लपवतात, आणि लपवायची म्हणून औषधही चुकवतात. कायदासुद्धा काही काळ याच बाजूला होता. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, आणि वारंवार येणारे फेफरे लग्नाच्या आड येणाऱ्या गोष्टींत घालण्यात आले. तो शब्द काढून टाकायला १९९९ साल उजाडावे लागले. अशा समाजाला जर तेव्हाच पडद्यावरून कळले असते, की बंदुकीच्या आवाजात शेकडो जखमींना वाचवणारा हा सोलापूरचा डॉक्टर फेफऱ्याचा रोगी होता, तर किती आईबापांची मान ताठ झाली असती! आजही हे सांगता येते. गुरुजींनी ते वर्गात जरूर सांगावे.

त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट सांगावी. पडद्यावर फिट आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावतात, कांदा फोडून हुंगवतात, दातांत चमचा घालतात. यातले काहीही करायचे नाही. चपलेने फिट थांबत नसते. ती बहुधा एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते, आणि श्रेय चपलेला जाते. आपण एवढेच करायचे: आजूबाजूचे दगडधोंडे दूर करायचे, डोक्याखाली काही मऊ द्यायचे, माणसाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांवर झटका चालला, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. नियमाने औषध घेतले तर दहांतल्या सातांना झटक्याशिवाय आयुष्य काढता येते.

दुसरे उदाहरण रक्ताचे. १९७७ साली मनमोहन देसाई यांचा ‘अमर अकबर अँथनी’ आला. त्यातले ते दृश्य कुणाला आठवत नाही? तीन भाऊ तीन खाटांवर, तिघांच्या दंडातून रक्त वर चढते, एका बाटलीत मिळते आणि तिथून थेट आईच्या अंगात उतरते. भावनेच्या दृष्टीने दृश्य मोठे झकास आहे. पण रक्त असे आपोआप वर चढत नाही. खऱ्या रक्तदानात पिशवी दात्याच्या हातापेक्षा खाली ठेवतात. आणि तिघांचे रक्त असे एकत्र करून कुणी देत नाही. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ सालीच दाखवून दिले होते, की माणसामाणसाच्या रक्ताचे गट वेगळे असतात आणि न जुळणारे रक्त जिवावर बेतते. त्यासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे पडद्यावरची ही चूक विज्ञानाच्या पंचाहत्तर वर्षे मागे होती.

बरे, पोटचीच मुले म्हणजे रक्त जुळणारच, ही समजूतही खरी नव्हे. बाप ‘ए’ गटाचा आणि आई ‘बी’ गटाची असेल, तर त्यांच्या मुलांत चारही गट निघू शकतात. शास्त्राच्या गुरुजींना फळ्यावर मांडून दाखवायला हे उदाहरण उत्तम आहे. दवाखान्यात प्रत्यक्ष काय घडते? दात्याचे रक्त पिशवीत घेतात, त्याचा गट पाहतात, एचआयव्ही, काविळीचे दोन प्रकार, गरमी आणि हिवताप यांसाठी ते तपासतात, रोग्याच्या रक्ताशी जुळवून पाहतात, आणि मग देतात. याला वेळ लागतो. म्हणून ऐन वेळी भाऊबंद धावून येण्यापेक्षा रक्तपेढीत आधीच भरलेली अनोळखी माणसाची पिशवी जीव वाचवते. गावात रक्तदानाचे शिबिर निघाले की ‘आमच्या घरात कुठे कोण आजारी आहे?’ असे म्हणून आपण घरी बसतो. त्या सिनेमाचा हा एक परिणाम आहे असे मी म्हणत नाही. पण नात्याचेच रक्त कामी येते, ही जी जुनी समजूत आहे, तिला त्या दृश्याने खतपाणी घातले हे खरे.

तिसरे उदाहरण दूरचित्रवाणीचे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. अमेरिकेत इस्पितळाच्या मालिका त्याआधीपासून चालत होत्या. १९५४ साली ‘मेडिक’, १९६१ साली ‘डॉ. किल्डेअर’ आणि ‘बेन केसी’. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेचे लोक या मालिकांची संहिता तपासून देत. हत्यार बरोबर धरले आहे का, औषधाचे नाव बरोबर आहे का, हे ते पाहत. आणि डॉक्टर पडद्यावर शहाणा आणि सज्जन दिसतो आहे ना, हेही पाहत. परिणाम असा झाला, की बारीकसारीक गोष्टी खऱ्या झाल्या आणि डॉक्टर मात्र देव झाला. आपल्याकडे विजया मेहता यांनी १९९१ साली दूरदर्शनसाठी ‘लाइफलाइन’ ही रुग्णालयाची मालिका केली. २००२ साली खासगी वाहिनीवर ‘संजीवनी’ आली. नाव पाहा! शुक्राचार्यांची विद्या शेवटी पांढरा कोट घालून आली.

या मालिकांतला सगळ्यांत मोठा चमत्कार म्हणजे बंद पडलेले हृदय सुरू होणे. यंत्रावरची रेघ सपाट होते, डॉक्टर विजेचे दोन तवे छातीला लावतात, देह उसळतो आणि रोगी डोळे उघडतो. वास्तविक तो विजेचा धक्का सपाट रेघेवर चालतच नाही. हृदय बेताल थरथरत असेल तेव्हा ती थरथर मोडण्यासाठी तो असतो. १९९६ साली अमेरिकेतल्या तीन डॉक्टरांनी ‘ई. आर.’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू ९११’ या तीन मालिकांचे ९७ भाग बसून पाहिले. त्यांत छाती दाबून माणूस वाचवण्याचे ६० प्रसंग निघाले. त्यांतले शेकडा ७५ रोगी तिथल्या तिथे वाचले आणि शेकडा ६७ जण बरे होऊन घरी गेलेले दिसत होते. खऱ्या रुग्णालयात हृदय बंद पडलेल्यांपैकी घरी जाणारे पाचांत जेमतेम एक, पुष्कळदा तेवढेही नाहीत.

या फरकाची किंमत कोण देते? साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या इस्पितळात बाहेर बाकावर बसलेला मुलगा देतो. पडद्यावर दोन मिनिटांत उठतो, मग माझाच बाप का उठला नाही? म्हणजे डॉक्टरने काहीतरी केले नाही! त्यातून शिव्या, त्यातून काचा फुटणे, त्यातून मारहाण. २०१० साली महाराष्ट्राला वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. सगळे भांडण मालिकांनी लावले असे नाही; खर्च, उशीर, उर्मट बोलणे अशी खरीखुरी कारणेही असतात. पण मरण हे नेहमी कुणाच्या तरी चुकीनेच येते, हा धडा मात्र पडद्याने दिला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा हिशेब एकांगी होईल. पाचांतला एक वाचतो म्हणून छाती दाबायचीच नाही, असे कुणी समजू नये. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नीट नाही, तर १०८ क्रमांकाला फोन करायचा आणि लगेच छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायला लागायचे. पण कसे? मालिकेतल्यासारखे कोपर वाकवून हळूच नव्हे. नट हळू दाबतो, कारण खाली झोपलेल्या नटाचे हृदय चांगले चालू असते. जोराने दाबले तर त्याला खरोखरच इजा होईल. आपण कोपर ताठ ठेवून, छाती दोन इंच खाली जाईल इतक्या जोराने, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा दाबायचे, आणि मदत येईपर्यंत थांबायचे नाही. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते. ती घाट चढून येईतोवर शेजाऱ्याचे दोन हात हाच डॉक्टर.

आता एक चांगले उदाहरण. २००४ साली संदीप सावंत यांचा ‘श्वास’ आला. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले ते त्याला. कोकणातला म्हातारा आजोबा नातवाला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात येतो. मुलाच्या डोळ्यांच्या आतल्या पडद्याला कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. इथे चमत्कार होत नाही. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, कागदावर संमती लागते, आणि मुलाला हे सांगायचे कसे, यावर सगळा चित्रपट उभा आहे. डॉक्टर चिडतो, थकतो, पण खोटा धीर देत नाही. आजोबा नातवाला घेऊन बाहेर पडतो, ते उपचार टाळायला नव्हे, त्याला जग एकदा डोळे भरून दाखवायला. खरे दुखणे असेच असते. त्यात थांबणे पुष्कळ असते, आणि कुणीतरी अवघड गोष्ट नीट समजावून सांगणे हेच मोठे औषध असते. अंगणवाडीच्या ताईंनी आणि प्राथमिक शिक्षकांनी त्यातून एक नोंद घ्यावी: लहान मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली किंवा डोळा नव्याने तिरळा झाला, तर वाट पाहू नये. हा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, आणि लवकर सापडला तर पुष्कळदा जीवच काय, डोळाही वाचतो.

शेवटची गोष्ट घाटाखालची. जावळीच्या डोंगरापलीकडे महाड आहे. कोकणात लाल विंचू असतो. त्याच्या दंशाने दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, ओकाऱ्या होतात, आणि पुढे छातीत पाणी भरून माणूस जातो. अशा गंभीर रोग्यांतले शेकडा तीस-चाळीस पूर्वी दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून तिथे सरकारी आरोग्य केंद्रात काम करताना या रोग्यांच्या खाटेजवळ रात्र रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्या छापून आल्या. पुढे रक्तदाबाची ‘प्राझोसिन’ नावाची स्वस्त गोळी त्यांनी या दंशावर वापरली, आणि मरणाचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यात विजेचे तवे नाहीत, धावपळ नाही. एक खाट, एक वही, एक स्वस्त गोळी आणि झोप मारून बसलेला माणूस. मालिकेवाला म्हणेल, यात नाट्य कुठे आहे? पण नाथांच्या भारुडातला विंचू उतरवायला जसा सत्त्वगुण लागतो, तसा या खऱ्या विंचवाला उतरवायला चिकाटी लागली.

तेव्हा मालिका पाहू नका, असे मी सांगणार नाही. पाहाव्यात, मुलांना घेऊन पाहाव्यात. फक्त मध्येच दोन प्रश्न विचारावेत. या गोष्टीत वेळ किती गेला? आणि कोणकोण माणसे इथे दिसलीच नाहीत? खऱ्या दवाखान्यात रात्रपाळीची परिचारिका असते, रक्त तपासणारा असतो, रुग्णवाहिकेचा चालक असतो, गावात औषधाच्या गोळ्या घेऊन येणारी आशाताई असते. पडद्यावर ही माणसे नसतात, म्हणून सगळी आशा आणि सगळा राग एकट्या डॉक्टरवर येऊन पडतो. मुलांना ही माणसे मोजायला शिकवले, तर घरात दुखणे आले की कुणाला हाक मारायची, हे त्यांना सांगावे लागणार नाही.